दिंडींतील गायन

संगीताचा इतिहास सांगूं लागलें कीं बहुधा दरबार, घराणीं आणि थोर गवई यांचीच कथा पुढें येते. एकानें गावें व शेंकडोंनीं ऐकावें, ही त्या कथेची रीत. परंतु महाराष्ट्रांत दुसरीहि एक परंपरा शतकानुशतकें चालत आली आहे. तींत निव्वळ ऐकणारा असा कोणी उरतच नाहीं. ती म्हणजे वारकऱ्यांची दिंडी.

तेराव्या शतकाच्या अखेरीस ज्ञानदेव-नामदेवांच्या काळीं पंढरीच्या वारीस अभंग-कीर्तनाची जोड मिळाली. पुढें १६८५ मध्यें तुकोबांचे पुत्र नारायणमहाराज यांनीं संतांच्या पादुका पालखींत घालून पंढरीस नेण्याचा प्रघात पाडला. १८३२ च्या सुमारास हैबतबाबा आरफळकर यांनीं ज्ञानोबांची पालखी आळंदीहून स्वतंत्रपणें काढली. हे गृहस्थ शिंदे सरकारच्या पदरीं राहिलेले; त्यामुळें सोहळ्यास जवळजवळ लष्करी शिस्त आली. कांहीं दिंड्या रथापुढें, कांहीं रथामागें, असा प्रत्येकीचा क्रम ठरला.

या शिस्तींतच दिंडीच्या गायनाचें मर्म आहे. पुढें पताकाधारी, मग दुतर्फा टाळकऱ्यांच्या रांगा, त्यांच्या मध्यें मृदंगी, मागें वीणेकरी, आणि त्यामागें डोईवर तुळस घेतलेल्या स्त्रिया. वीणेकरी दिंडीचा मुख्य. वीणा आधारस्वर धरून ठेवते, आणि अभंग कोणता म्हणावयाचा तें त्याच्या संमतीनें ठरतें. मृदंगी मात्र जाणता लागतो. कसब हवें तें या दोघांस व चाल उचलणाऱ्या चारदोघांस. बाकीच्यांनीं ध्रुपद म्हणावें, काशाचे टाळ लयींत वाजवावे आणि पाऊल त्याच लयीवर टाकावें. एखाद्याचा सूर घसरला तरी तो समुदायांत सहज सामावून जातो. लय चुकलीच तर शेजाऱ्याच्या हाताकडे पाहून ती पुन्हा सांपडते.

अभंगाची रचनाहि याला अनुकूल आहे. मोठ्या अभंगाच्या पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरें व चौथ्यांत चार. म्हणून एक चाल कंठस्थ झाली कीं तिच्यावर कितीतरी अभंग म्हणतां येतात. अक्षरओळख नसलेल्या माणसासहि शेंकडों अभंग मुखोद्गत असत, याचें एक कारण हें. कीर्तनकार व प्रवचनकार तयार व्हावे म्हणून विष्णुबुवा जोग यांनीं १९१७ मध्यें आळंदीस वारकरी शिक्षण संस्था काढली. तेथें विद्यार्थ्यास वर्षानुवर्षें अभ्यास करावा लागतो. टाळकऱ्याची शाळा मात्र वाटेवरच भरते.

गायनांत इतकी मोकळीक असली तरी समाजांत ती तेवढी नव्हती, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. चोखोबांचे अभंग सर्वांच्या मुखीं होते, पण त्यांची समाधि महाद्वाराबाहेर आहे, आणि त्यांच्या जातीच्या वारकऱ्यांस शतकानुशतकें देवळाच्या आंत पाऊल टाकतां येत नव्हतें. ज्यांचे शब्द आंत गाइले जात, त्यांचीं माणसें बाहेर उभीं! वाटेवरहि जातिभेद सुटला नव्हता. ब्राह्मणांची दिंडी वेगळी, मराठ्यांची वेगळी, पंगतीहि वेगळ्या, ही खंत इरावती कर्वे यांनीं आपल्या वारीवरील निबंधांत नोंदविली आहे.

अखेर साने गुरुजींनीं मे १९४७ मध्यें पंढरपुरांत, तनपुरे महाराजांच्या मठांत, प्राणांतिक उपोषण आरंभिलें. त्याआधीं त्यांनीं महाराष्ट्रभर दौरा करून लोकमत जागें केलें होतें. दहा-अकरा दिवसांनीं मंदिराचें दार अस्पृश्य म्हणविल्या गेलेल्यांस उघडलें. ज्या अभंगांनीं सर्वांना एका लयींत चालविलें, त्यांना हें दार मात्र आपोआप उघडतां आलें नाहीं. त्यासाठीं एका माणसाला प्राण पणास लावावे लागले.

आजहि आषाढीच्या वाटेवर नवखा माणूस टाळ घेऊन रांगेंत उभा राहतो. पहिल्या दिवशीं त्याचे हात अडखळतात, पण शेजारी त्याला बाहेर काढीत नाहीं. आपले टाळ जरा पुढें धरून त्याला ठेका दाखवितो.