हत्तीनं घोडा मारावा का?

साल 1814. पुण्याहून सोलापूरकडे जाताना पाटसला तुमचा मुक्काम पडलाय. उन्हं कलली आहेत. नागेश्वराच्या देवळाच्या ओट्यावर कापडी पट पसरलाय आणि गावातल्या एका म्हाताऱ्यानं तुम्हाला डावाला बसवलंय. डाव देशी आहे. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकतं. किल्लेकोट नाही, त्याऐवजी शह बसलेला नसेल, तर राजा एकदाच घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारतो. याच वर्षी मुंबईत तिरुवेंगडाचार्य शास्त्रींचं बुद्धिबळाच्या कोड्यांचं पुस्तक निघतंय, मूळ संस्कृतावरून इंग्रजीत केलेलं, युरोपी पद्धतीला जुळवून घेतलेलं. ओट्यावर मात्र अजून जुनीच रीत चालते.

आता पटाकडे बघा. तुमच्या हत्तीच्या सरळ रेषेत म्हाताऱ्याचा घोडा आहे, मधली घरं रिकामी. तुम्ही हत्तीला हात घालता.

“पाव्हणं, दमानं घ्या. ते प्यादं बघितलं का?”

त्याच्या राजासमोरच एक प्यादं उभं आहे आणि घोडा त्या प्याद्याच्या तिरक्या घरात आहे. तुम्ही घोडा माराल, प्यादं हत्ती घेईल. तुम्ही हात मागे घेता. आपली चाल कुणालाही दिसते. मेख असते ती समोरच्याच्या उत्तरात.

इथे तुम्ही आणखी एक गोष्ट केलीत, ती सहज निसटेल. प्याद्याचं उत्तर सापडलं आणि तुम्ही तिथंच थांबलात. म्हाताऱ्याजवळ आणखी कोणती उत्तरं होती, ते मोजत बसला नाहीत. हातात दुसरी बरी चाल असताना एका वाईट उत्तरावर ही चाल बाद झाली. संगणक नेमकी हीच छाटणी करतो. ती केली नाही तर त्याचाही निभाव लागायचा नाही: आजच्या नियमांनी पहिल्या चालीला 20 वाटा, दोघांची एकेक चाल झाली की 400, दोन-दोन झाल्या की 1,97,281.

1858 मध्ये पाटसवरून आगगाडी जाऊ लागते. तुम्ही पुढे सरका, 1952 पर्यंत, थेट मँचेस्टरला. गणितज्ञ अ‍ॅलन ट्युरिंग कागद-पेन्सिल घेऊन बसलेत. त्यांनी संगणकासाठी लिहिलेली बुद्धिबळाची कृती चालवू शकेल असं यंत्र अजून नाही, म्हणून ते स्वतःच यंत्र झालेत. प्याद्याला 1, घोड्याला 3, हत्तीला 5 असं मोल धरून बेरीज-वजाबाकी चाललीय. तुमची मघाची चाल त्यांच्या कागदावर सरळ तोट्याची: तीन आले, पाच गेले. एका चालीला जवळपास अर्धा तास लागतो आणि अखेर 29 चालींत कागदी यंत्र हरतं. मला हा डाव कुठल्याही विजयापेक्षा मोठा वाटतो, कारण विचार करण्याची एक पद्धत इथे पहिल्यांदा पायरी-पायरीनं उघडी पडली.

मे 1997, न्यूयॉर्क. डीप ब्लू हा संगणक सेकंदाला सुमारे 20 कोटी स्थिती तपासतो आणि विश्वविजेता कास्पारोव्ह 3.5–2.5 असा हरतो.

आता परत पाटसला, आजच्या. महामार्गावर उसाच्या ट्रॉल्या चालल्यात. फोनवर स्टॉकफिश हा बुद्धिबळाचा प्रोग्रॅम उघडा आणि मघाची स्थिती मांडा. त्यात मोहऱ्यांची नुसती बेरीज नसते. 2020 पासून असंख्य स्थितींवरून शिकलेलं न्यूरल नेटवर्क पट जोखतं. क्षणात बाण उमटतो: हत्तीनं घोडा मारा.

तोट्याची म्हणून सोडलेलीच चाल! फोन कारण सांगत नाही, नुसता आकडा दाखवतो. पट मांडा आणि खेळून बघा. प्यादं हत्ती घेतं, पण घेताना तिरकं सरकतं आणि राजासमोरची उभी पट्टी मोकळी होते. तुमचा वजीर त्या पट्टीत येऊन शह देतो. राजा कोपऱ्यात जातो. तिथून तुमच्या उंटाची तिरकी रेषा बघा.