जहाजाच्या बुडाला चिकटलेला इतिहास

तीन आठवडे मी एक बग शोधत होतो. समुद्रात तरंगणाऱ्या एका बॉयावरून येणारे पाण्याच्या गढूळपणाचे आकडे रोज थोडे थोडे वर सरकत होते. मी फिल्टर बदलला, कॅलिब्रेशन तपासलं, रात्री जागून कोड उसवला. शेवटी बॉया बाहेर काढला, तेव्हा सेन्सरच्या काचेवर बुळबुळीत थर आणि त्यावर बार्नेकलची पांढरी कवचं होती. कोड निर्दोष होता, पण त्याचा आनंद फार वेळ टिकला नाही. उपाय विचारल्यावर एका वरिष्ठांनी सहज सांगितलं, "विषारी रंग लावा की." हा सल्ला किती जुना आहे ते मी नंतर वाचत गेलो.

पाण्यात कुठलीही वस्तू बुडवा, काही तासांत तिच्यावर जिवाणूंचा थर बसतो. मग शेवाळ येतं, मग बार्नेकल, शिंपले, कालवं. लाकडी जहाजांच्या काळात जहाज मंदावायचं आणि वर लाकूड पोखरणारे किडे असायचे ते वेगळेच. ब्रिटिश नौदलाने १७६१ मध्ये 'अलार्म' या जहाजाच्या बुडाला तांब्याचे पत्रे ठोकले. पत्र्यांखाली किडे गेले नाहीत, वर फारसं काही चिकटलं नाही. मात्र तांब्याच्या संगतीने लोखंडी खिळे सडले. ती अडचण पुढे मिश्रधातूचे खिळे वापरून सुटली.

पण समुद्राच्या पाण्यात तांबंही झिजायचं, आणि ते महाग होतं. नौदलाने हम्फ्री डेव्हीला विचारलं. त्याने १८२४ मध्ये रॉयल सोसायटीपुढे उत्तर ठेवलं: तांब्याला जस्ताचा किंवा लोखंडाचा तुकडा जोडा. तो तुकडा झिजेल, तांबं वाचेल. प्रयोगांत मदतीला तरुण मायकेल फॅरडे होता. ज्या जहाजांवर चाचण्या झाल्या त्यांतलं 'समरंग' आपल्या कोचीनला सागवानात बांधलेलं होतं.

रसायनशास्त्र अचूक निघालं, तांबं झिजायचं थांबलं. आणि जहाजांच्या बुडाला बार्नेकल चिकटू लागले. तांबं विरघळत होतं, त्याचे विषारी आयन पाण्यात मिसळत होते, म्हणून तर बूड स्वच्छ राहत होतं. ज्याला सगळे दोष समजत होते तेच पत्र्याचं खरं काम होतं. काही वर्षांत नौदलाने डेव्हीचे तुकडे काढून टाकले. (त्याचं तंत्र वाया गेलं नाही. आजही पाण्यातलं पोलाद गंजू नये म्हणून तेच वापरतात.) प्रॉडक्शनमध्ये नको वाटणारी ओळ काढली आणि सगळं कोसळलं, असा अनुभव असलेल्यांना डेव्हीबद्दल आत्मीयता वाटेल.

विसाव्या शतकात तांब्याहून जालीम उपाय आला: ट्रायब्युटिल टिन, म्हणजे टीबीटी. हा रंग लावला की बूड वर्षानुवर्षं स्वच्छ. पण फ्रान्सच्या आर्काशाँ उपसागरात, जिथे कालवांची शेती चालते, १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात पिल्लं जगेनाशी झाली. मोठ्या कालवांची कवचं वेडीवाकडी, जाड होऊ लागली. शेजारीच टीबीटी लावलेल्या शौकीन होड्या नांगरलेल्या असत. फ्रान्सने १९८२ मध्ये लहान होड्यांवर या रंगाला बंदी घातली आणि कालवं सावरू लागली. इतरत्र काही समुद्री गोगलगायींच्या माद्यांना नराचे अवयव फुटताना दिसले. त्याला एका लिटरमध्ये ग्रॅमचा अब्जांश भाग एवढं टीबीटी पुरे होतं. जगभरच्या बंदीचा करार २००१ मध्ये झाला आणि २००८ मध्ये लागू झाला.

हे सगळं आता पुन्हा महत्त्वाचं झालं आहे, कारण आपल्याला समुद्रातून वीज हवी आहे. भरती-ओहोटीवर फिरणारी पाती, लाटांवर हलणारे तराफे, उष्ण आणि थंड पाण्यातल्या जेमतेम वीसेक अंशांच्या फरकावर चालणारी संयंत्रं. या शेवटच्या प्रकारात नळ्यांवर पातळ बुळबुळीत थर बसला तरी उष्णता पोचत नाही आणि गणित बिघडतं. खोल पाण्यात जीव कमी, त्यामुळे थंड बाजूला हा त्रास फारसा नाही. उष्ण बाजूला दिवसातून थोडा वेळ अत्यल्प क्लोरिन सोडून काम भागतं, असं हवाईतल्या प्रयोगांत दिसलं.

जहाजांसाठी निघालेला बिनविषारी सिलिकॉनचा लेप इथे जशाचा तसा चालत नाही. त्याच्यावर जीव बसतात, पण पकड सैल राहते आणि जहाज वेगात निघालं की गळून पडतात. तराफा तर एका जागी उभा. म्हणून कुठे ब्रश फिरवतात, कुठे अतिनील दिवे लावतात, कुठे शार्कच्या कातडीसारखा खरखरीत पृष्ठभाग करून पाहतात. यातलं एकही सगळीकडे चालत नाही. पण स्वच्छ वीज म्हणायचं आणि तिच्यापायी खाडीतली कालवं मारायची, हा हिशेब आर्काशाँने एकदा मांडून दाखवला आहे.

आमच्या सेन्सरला आम्ही एक छोटा वायपर बसवला. दर तासाला तो काच पुसतो. कोकणात पावसाळ्याआधी होड्या ओढून किनाऱ्यावर घेतात, बूड खरवडतात, तसंच हे. फरक एवढाच, की आमचा खरवडणारा मोटरवर चालतो आणि अधूनमधून अडकतो. मग मला अलर्ट येतो. आता मी कोड उघडण्याआधी बॉयाचा फोटो मागवतो.