खुली शैक्षणिक साधने : वापरणारे व वापराची कारणे (हिंदमाता परिसर)

महाजालावर विनामूल्य मिळणारी पाठ्यपुस्तके, व्याख्यानांच्या चित्रफिती, स्वाध्याय, जुन्या प्रश्नपत्रिका, कोश आणि अभ्यासक्रम. काटेकोर अर्थाने, ज्यांची प्रत काढण्याची, त्यांत बदल करण्याची व ती पुन्हा वाटण्याची मुभा असते तेवढीच साधने ‘खुली’ ठरतात. युनेस्कोच्या २००२ मधील बैठकीपासून ही संकल्पना जगभर रूढ झाली. वापरणारा हा भेद पाळत नाही. पैसे मोजावे लागले नाहीत एवढे त्याला पुरते. म्हणून या नोंदीत दोन्ही प्रकार एकत्र घेतले आहेत.

हिंदमाता हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्गावरील, दादर आणि परळ यांच्या मधला भाग. चित्रपटगृहावरून नाव पडले, साड्या व कापडाच्या दुकानांमुळे ते टिकले आणि पावसाळ्यात पाणी तुंबल्याच्या बातम्यांनी राज्यभर पोहोचले. आजूबाजूला जुने गिरणगाव, केईएम व टाटा ही रुग्णालये, नायगावला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय (स्थापना १८९८). दुकानातला कामगार, चाळीतला विद्यार्थी आणि निवासी डॉक्टर एकाच बसथांब्यावर उभे असतात, आणि तिघेही मोबाइलवर काहीतरी शिकत असू शकतात. तिघांची निकड मात्र वेगळी असते.

फुकट शिक्षणाची सोय या भागाला नवी नाही. ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने कामगारवस्तीत रात्रशाळा आणि मोफत वाचनालये चालवली. परळचा दामोदर हॉल याच संस्थेचा. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे बंद पडत गेले, तरी रात्रशाळा उरल्या. आज तिथे दिवसभर दुकानात, कॅन्टीनमध्ये किंवा घरकामाला राबून आलेली मुले-मुली बसतात. त्यांच्यासाठी पाठ्यपुस्तक मोबाइलवर असणे ही चैन नव्हे.

शालेय विद्यार्थ्यांचा मुख्य आधार म्हणजे बालभारतीच्या (स्थापना १९६७) पुस्तकांच्या पीडीएफ प्रती आणि पुस्तकांत छापलेले क्यूआर कोड. कोड स्कॅन केला की २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘दीक्षा’ या शासकीय मंचावरचा पाठ उघडतो. प्रत्यक्षात हे वाचन कष्टाचे आहे. भूगोलाचा नकाशा बोटांनी मोठा केला की सूची पडद्याबाहेर जाते, सूची पाहावी तर नकाशा हरवतो. त्यात घरात फोन एकच आणि तोही वडिलांबरोबर कामावर गेलेला. २०२० च्या टाळेबंदीत ही अडचण उघडी पडली. त्या जुलैमध्ये सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ मालिका सुरू झाली ती यामुळेच. टीव्ही घरातच असतो.

या शालेय पुस्तकांचा दुसरा मोठा वाचकवर्ग प्रौढ आहे, ही गोष्ट शिक्षणखात्याच्या चर्चेत क्वचितच येते. एमपीएससी, तलाठी, पोलीस भरतीची तयारी करणारे उमेदवार ‘आधी स्टेट बोर्ड करून टाक’ असेच एकमेकांना सांगतात. पाचवी ते बारावीचा इतिहास, भूगोल, विज्ञान पदवीधर माणूस पुन्हा वाचतो, कारण राज्यसेवेच्या प्रश्नांची मुळे तिथे असतात. अभ्यासक्रम बदलल्यावर बाद झालेली जुनी पुस्तके तर अधिकच मागणीत असतात आणि टेलिग्रामच्या गटांतून फिरतात. पुस्तक फुकट मिळते, बसायला जागा मिळत नाही. दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसे, टीव्ही आणि मोरी यांच्यामध्ये अभ्यास होत नाही. म्हणून हा उमेदवार महिन्याचे शुल्क भरून अभ्यासिकेत खुर्ची घेतो. साधन मोफत आणि टेबल विकत, असा हा हिशेब आहे.

अभियांत्रिकीचे विद्यार्थी आयआयटींच्या ‘एनपीटेल’कडे आणि २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘स्वयम’कडे वळतात. तिथे शिकणे फुकट. प्रमाणपत्र हवे असेल तर परीक्षेचे शुल्क पडते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ पासून एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम’वरून पूर्ण करण्याची मुभा दिली. तेव्हा विद्यार्थी तिथे येतात ते जिज्ञासेने की श्रेयांकासाठी, हा प्रश्न विचारून फारसे हाती लागत नाही. दोन्ही कारणे एकाच डोक्यात सुखाने नांदतात.

हिंदमात्याच्या दुकानांतली गोष्ट निराळी. बहुतेक कापडावर पूर्वी व्हॅट नव्हता. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि वहीवर चाललेल्या धंद्याला संगणकावरची विवरणपत्रे भरणे भाग पडले. अशा वेळी हिशेब पाहणारा माणूस क्लासची फी आणि वेळ कुठून काढणार? टॅलीत नोंद कशी करावी, परतीच्या मालाचे बिल कसे दाखवावे, हे यूट्यूबवर पाहायचे, अडले तिथे थांबवायचे, पुन्हा पाहायचे. या वापराला अभ्यासक्रम नाही, प्रमाणपत्र नाही; काम उरकले की शिक्षण संपले. या चित्रफिती बऱ्याचदा हिंदीत असतात. दहावीनंतरच्या तांत्रिक विषयांत मराठी साधने विरळ होत जातात. मुंबई आयआयटीच्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’ने संगणकप्रणालींचे छोटे पाठ मराठीतही आणले, तो ठळक अपवाद.

जगभरचा अनुभव याच्याशी जुळतो. एमआयटीने २००१ मध्ये आपले अभ्यासक्रम महाजालावर खुले करण्याची घोषणा केली. पुढे त्यांच्या पाहणीत वापरणाऱ्यांपैकी सुमारे ४३ टक्के स्वतःहून शिकणारे, ४२ टक्के विद्यार्थी आणि ९ टक्के शिक्षक निघाले. २०१२ मधल्या त्यांच्या पहिल्या मोठ्या ऑनलाइन अभ्यासक्रमाला सुमारे १,५५,००० जणांनी नावे नोंदवली, प्रमाणपत्रापर्यंत सुमारे ७,२०० पोहोचले. २०१३ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या एका पाहणीत अशा अभ्यासक्रमांच्या ८० टक्क्यांहून अधिक विद्यार्थ्यांकडे आधीच पदवी होती. ज्याला शिकण्याची सवय आहे त्यालाच फुकटचे अधिक पचते, असा याचा सरळ अर्थ. रात्रशाळेतला मुलगा आणि निवासी डॉक्टर यांच्या फोनमध्ये डेटा सारखाच भरला, तरी अंतर तेवढ्याने बुजत नाही.

परळ केवळ घेणारे नाही. टाटा स्मारक रुग्णालयाच्या पुढाकाराने २०१२ मध्ये उभ्या राहिलेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडची कर्करोगावरील उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे महाजालावर कोणालाही मोफत वाचता येतात. तज्ज्ञ हाताशी नसलेल्या रुग्णालयातला डॉक्टर ती उघडतो तेव्हा त्याला ना परीक्षा द्यायची असते ना श्रेयांक हवा असतो. समोरच्या रुग्णाला कोणते औषध सुरू करायचे आणि कोणाला परळला धाडायचे, एवढेच ठरवायचे असते.