पेजेची शिडी : लहान झालेले जठर आणि कोकणचे ताट

वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाच्या हाती आहाराचा एक कागद पडतो. त्यावर एक शिडी असते. आधी पाण्याचे घोट आणि निवळ द्रव, मग दाट द्रव, मग घोटलेले, गुठळी नसलेले अन्न, मग मऊ, आणि साधारण दीड-दोन महिन्यांनी नेहमीचे जेवण, तेही वाटीभर. कागद आधुनिक वैद्यकाचा असतो. पण रत्नागिरीच्या एखाद्या जुन्या स्वयंपाकघरात तो वाचून दाखवला, तर तेथील आजीला त्यात फारसे नवे काही आढळणार नाही. तापातून उठलेल्या माणसाला प्रथम पेज, मग गुरगुट्या भात, मग कुळथाचे कळण आणि अंगात त्राण आल्यावर मासळी, हा क्रम तिला पाठ असतो. नवी आहे ती शेवटची पायरी. जुनी शिडी भरल्या ताटापाशी संपत असे. नवी वाटीपाशी संपते.

या शिडीचा इतिहास बराच मागे जातो. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी आकाराला आलेल्या चरकसंहितेच्या सूत्रस्थानात एकविसावा अध्याय 'अष्टौनिन्दितीय' या नावाचा आहे. ज्या आठ प्रकारच्या शरीरांना लोक नावे ठेवतात त्यांची तेथे यादी आहे आणि त्यांतील दोनच शरीरांची चिकित्सा विस्ताराने केली आहे : अतिस्थूल आणि अतिकृश. अतिस्थूलाचे आठ दोष सांगताना ग्रंथकार आयुष्य घटणे, हालचाल मंदावणे, घाम, दुर्बलता यांच्या जोडीला अतिक्षुधा आणि अतितृष्णाही मोजतो. स्थौल्याच्या कारणांत अतिआहार आणि दिवसाची झोप आहेच, शिवाय 'बीजस्वभाव'ही आहे. आजच्या भाषेत, आनुवंशिकता.

येथे थोडे थांबावे. लठ्ठ माणसाची भूक म्हणजे त्याची हाव, असा समज आजही घरोघरी आहे. चरकसंहितेचे म्हणणे वेगळे आहे. मेदाने मार्ग अडले की वायू कोठ्यातच फिरत राहतो, जठराग्नी पेटवतो, अन्न झपाट्याने जिरते आणि माणूस पुन्हा भुकेला होतो, असे स्पष्टीकरण तेथे दिले आहे. शरीरक्रियेचा हा तपशील आज कोणी स्वीकारणार नाही. पण भूक हा शरीराचा व्यापार आहे, चारित्र्याचा दोष नव्हे, ही त्यामागची दृष्टी फार मोलाची आहे. उपचारात पचायला जड पण पोषणाला हलके अन्न सुचवले आहे आणि त्या धान्यांच्या यादीत जव व मुगाबरोबर कुळीथही आहे. कोकणच्या वरकस जमिनीत पिकणारे आणि घरोघरी पिठी होऊन भातावर येणारे तेच हे कुळीथ.

शिडी मात्र संहितेत वेगळ्या प्रसंगी येते. वमन-विरेचनासारख्या शोधनानंतर जठराग्नी मंद झालेला असतो. त्यावर एकदम पूर्ण अन्न घालू नये. प्रथम पेया, मग विलेपी, मग अकृत यूष, कृत यूष, पुढे मांसरस आणि त्यानंतर नेहमीचे जेवण. यालाच संसर्जनक्रम म्हणतात. विझत आलेला निखारा गवत-गोवरीच्या चुऱ्याने हळूहळू फुलवावा, तसा हा अग्नी वाढवायचा, असा दृष्टांत तेथे दिला आहे. पेया म्हणजे पातळ शिजवलेले तांदूळ. मराठीतील पेज हा शब्द त्याच कुळातला. विलेपी म्हणजे दाट, मऊ भात. अकृत यूष म्हणजे फोडणी-मसाल्याविना कडधान्याचे पाणी आणि कृत यूष म्हणजे तेच संस्कार केलेले. ज्याने फोडणी न दिलेले आणि दिलेले अशी दोन्ही कुळथाची कळणे चाखली आहेत, त्याला या पारिभाषिक शब्दांसाठी कोश उघडावा लागणार नाही.

आता दृश्य युरोपात जाते, कारण जठराला शस्त्र लावून माणूस जगवण्याचा उद्योग तेथे सुरू झाला. २९ जानेवारी १८८१ रोजी व्हिएन्नामध्ये थिओडोर बिलरोथ यांनी कर्करोगग्रस्त जठराचा खालचा भाग काढून उरलेला भाग आतड्याला जोडला. रुग्ण स्त्री शस्त्रक्रियेतून वाचली आणि सुमारे चार महिने जगली. १८९७ मध्ये झुरिकच्या कार्ल श्लाटर यांनी एका स्त्रीचे संपूर्ण जठर काढले. ती चौदा महिन्यांच्या आसपास जगली. जठराविना माणूस जेवू शकतो, ही बातमी त्या काळी जगभर कुतूहलाने वाचली गेली.

पुढील अर्धशतकात जठरातील व्रणांसाठी अशा शस्त्रक्रिया हजारोंनी झाल्या आणि शल्यविशारदांसमोर एक नवेच कोडे उभे राहिले. जखम भरलेली, व्रण गेलेला. तरी गोड खाल्ले की रुग्णाला धडधडते, दरदरून घाम फुटतो, भोवळ येते, पोटात कळ येऊन शौचास धावावे लागते. जठराचे दार राहिले नसल्याने साखरेचा लोंढा थेट लहान आतड्यात कोसळतो आणि रक्तातले पाणी आतड्यात ओढले जाते. १९२२ मध्ये चार्ल्स मिक्स यांनी या प्रकाराला 'डंपिंग' हे नाव रूढ केले. या रुग्णांना थोडे थोडे, वारंवार आणि कोरडे खाण्याचा सल्ला मिळू लागला. लहान जठराचे पथ्य असे वजनाचा विचारही नसताना तयार झाले होते.

या रुग्णांची आणखी एक तक्रार होती : कितीही खा, अंगाला लागत नाही. आयोवा विद्यापीठातील एडवर्ड मेसन यांच्या मात्र हीच तक्रार पथ्यावर पडली. व्रणाचा रुग्ण ज्यामुळे हडकतो, त्यामुळेच अतिस्थूल रुग्ण वाचेल, असा उलटा विचार करून त्यांनी चिकाशी इटो यांच्यासह १९६६ मध्ये जठराचा बहुतेक भाग वगळणारी बायपास शस्त्रक्रिया केली. तत्पूर्वी, १९५४ पासून, अमेरिकेत आतड्याचा मोठा भाग वगळण्याची पद्धत होती. तिने वजन उतरे. पण अन्नातील सत्त्वच शोषले जात नसल्याने सततचे जुलाब, मूतखडे आणि यकृताचा नाश ओढवे. ती पद्धत पुढे सोडून द्यावी लागली. स्थौल्याच्या शस्त्रक्रियेचा हा काळा अध्याय आहे आणि शस्त्रक्रियेनंतर जन्मभर रक्त तपासण्याचा जो आग्रह आज धरला जातो, त्याचे मूळ या अध्यायात आहे.

एकविसाव्या शतकाच्या आरंभी 'स्लीव्ह' शस्त्रक्रिया स्वतंत्रपणे पुढे आली. तीत जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग उभा कापून काढतात आणि बाहीसारखी अरुंद नळी उरते. एरवी लिटरभर अन्न सामावणाऱ्या या अवयवात आता जेमतेम शंभर-दीडशे मिलिलिटर मावते. बायपासमध्ये तर सुरुवातीची पिशवी तीस मिलिलिटरच्या आसपास असते. म्हणजे पोह्यांचे दोन चमचे. पण केवळ जागा कमी झाली म्हणून वजन उतरते, हे अर्धेच सत्य. १९९९ मध्ये जपानमधील कोजिमा आणि कांगावा यांनी ग्रेलिन हे संप्रेरक शोधले. ते मुख्यत्वे जठराच्या वरच्या भागात तयार होते आणि मेंदूला भुकेची वर्दी देते. स्लीव्हमध्ये नेमका तोच भाग जातो, म्हणून काही काळ भूकच लागत नाही. भूक हा शरीराचा व्यापार आहे, या जुन्या दृष्टीला नवे शास्त्र असे येऊन मिळाले.

महाराष्ट्रात हा विषय मुंबई-पुण्याच्या रुग्णालयांतून रुजला. २०११ मध्ये भाजपचे तत्कालीन राष्ट्रीय अध्यक्ष नितीन गडकरी यांनी मुंबईत अशी शस्त्रक्रिया करून घेतली, तेव्हा ती गावोगावच्या पारावरही चर्चेला आली. पण शास्त्राच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची गोष्ट पुण्यात आधीच घडली होती. २००४ मध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचीच दोन शरीरे तुलनेला ठेवली. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३, पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. दिसायला सडपातळ भारतीय माणूस आतून मेदस्वी असू शकतो, हे एका छायाचित्राने सांगितले. १९९१ मध्ये अमेरिकेत शस्त्रक्रियेसाठी बीएमआय ४०, किंवा मधुमेहासारखा आजार असल्यास ३५, अशी मर्यादा ठरली होती. आशियाई शरीरांसाठी ती पुढे ३७.५ आणि ३२.५ अशी खाली आणली गेली, त्यामागे अशीच निरीक्षणे होती.

शस्त्रक्रिया दोन-अडीच तासांत आटोपते. खरा प्रश्न रुग्ण साडेतीनशे किलोमीटरवरच्या रत्नागिरीत परततो तेव्हा सुरू होतो. पहिले आठवडे सोपे जातात, कारण पेजेला तेथे कोणी हसत नाही. अडचण पुढे येते. जेवताना पाणी पिऊ नये आणि जेवणानंतर अर्धा तास तरी द्रव घेऊ नये, हा या जठराचा पहिला नियम; नाहीतर अन्न वाहून जाते आणि पोट भरल्याची जाणीव टिकत नाही. कोकणी जेवणाचा समारोप तर सोलकढीने होतो. ती कढी आता दोन जेवणांच्या मधल्या वेळी, घोट घोट आणि नारळाचे दूध बेताने घालून घ्यावी लागते. वैशाखात हापूस येतो. आमरसाची वाटी म्हणजे या जठरासाठी साखरेचा लोंढाच, आणि बायपास झालेल्या माणसाला १९२२ साली नाव मिळालेला तो अनुभव स्वतःच्या ओटीवर येऊ शकतो. फोड चावून खाणे वेगळे, रस पिणे वेगळे, हा भेद त्याला शिकावा लागतो. गणपतीत चाकरमानी घरी येतात, उकडीच्या मोदकांवर तुपाची धार पडते, आणि एका मोदकाच्या अर्ध्यावर हात थांबवणे हे व्रत ठरते.

अन्न आता पहिल्यासारखे भाताभोवती रचता येत नाही. दिवसाला किमान साठ ग्रॅम प्रथिने पोटात गेली नाहीत, तर मेदाबरोबर स्नायूही झडतात आणि केस गळतात. वाटीभर जागेत आधी भात भरला, तर प्रथिनांना जागाच उरत नाही. पेजेची मर्यादा येथे उघड होते : ती आजाऱ्याला उभे करते, पण तिच्यावर राहून शरीर टिकत नाही. सुदैवाने रत्नागिरीचा किनारा या बाबतीत श्रीमंत आहे. बांगड्याच्या शंभर ग्रॅम मांसात सुमारे वीस ग्रॅम प्रथिने असतात. ताटातला क्रम तेवढा उलटवायचा : मासळी किंवा अंडे आधी, पिठी नंतर, भात उरल्या जागेत. शतकानुशतके भात हेच जेवण मानणाऱ्या प्रदेशात ही उलथापालथ लहान नव्हे.

पेजेबाबत आणखी एक धागा आहे. कोकणातली जुनी पेज उकड्या तांदळाची. भात टरफलासकट भिजवून उकडला की कोंड्यातले ब-१ जीवनसत्त्व दाण्यात उतरते आणि सडल्यावरही बरेचसे टिकते. १९०५ मध्ये विल्यम फ्लेचर यांनी क्वालालंपूरच्या मनोरुग्णालयात काहींना पांढरा आणि काहींना उकडा तांदूळ दिला, तेव्हा बेरीबेरीने पांढरा तांदूळ खाणारेच आजारी पडले. या जीवनसत्त्वाचा शरीरातील साठा दोन-तीन आठवड्यांचाच असतो. म्हणून शस्त्रक्रियेनंतर ज्याला सतत उलट्या होतात, त्याला आजही तोच जुना आजार गाठू शकतो. पाय बधिर होतात, डोळ्यांसमोरची वस्तू दुहेरी दिसते, चालताना तोल जातो. अशा वेळी घरच्या उपायांत दिवस घालवू नयेत, तातडीने रुग्णालय गाठावे.

सर्वांत अवघड जाते ती पंगत. रत्नागिरीत पंगतीचा इतिहास साधा नाही. १९२४ ते १९३७ या काळात येथे स्थानबद्ध असलेल्या सावरकरांनी सहभोजने घडवली आणि १९३१ मध्ये भागोजीशेठ कीर यांच्या साहाय्याने पतितपावन मंदिर उभे राहिले, तेव्हा कोण कोणाशेजारी बसून जेवतो यावर गावे दुभंगली होती. एकत्र जेवणे म्हणजे एकमेकांना माणूस मानणे, हा अर्थ त्या पानांवर वाढला गेला. अशा भूमीत 'पुरे' म्हणणाऱ्याला आग्रह करणे हा दुष्टपणा नसतो. तो जिव्हाळा असतो. पण नव्या जठराच्या माणसाला एका घासाचा जिव्हाळाही ओकारी आणतो. घाई केली तरी तेच होते : उचकी, नाकातून पाणी, छातीत अडकल्याची वेदना. वीस-तीस मिनिटे चावत बसलेल्या माणसाच्या शेजारची पाने तोवर उचलली जातात. काही घरांत यावर साधा तोडगा निघतो. लहान वाटी, लहान चमचा आणि वाढणाऱ्याला आधीच दिलेली कल्पना.

दोन-तीन वर्षांनी भूक परतू लागते, जठराची नळी काहीशी सैलावते. १९८७ मध्ये सुरू झालेल्या स्वीडनमधील दीर्घ अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्यांचे वजन दोन वर्षांनी सरासरी २३ टक्क्यांनी उतरलेले होते आणि वीस वर्षांनी ती घट १८ टक्क्यांवर आली होती. काही वजन परत येते, बरेचसे येत नाही. आणि याच अभ्यासात शस्त्रक्रिया न झालेल्या तुलनागटापेक्षा मृत्यूंचे प्रमाणही कमी आढळले. लोह, कॅल्शियम, ड आणि ब-१२ या पूरक गोळ्या मात्र जन्मभर चालू ठेवाव्या लागतात, कारण ब-१२ शोषण्यासाठी लागणारे द्रव्य जठरातच पाझरते आणि ते जठर आता पुरेसे उरलेले नसते. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाल्यापासून मुंबईची वार्षिक तपासणी रत्नागिरीकरांना एका रात्रीच्या प्रवासावर आली आहे. रक्त द्यायचे, वजन नोंदवायचे, आहारतज्ज्ञापुढे आठवड्याची वही उघडायची आणि परतीच्या गाडीत डब्यातली वाटीभर पिठी सावकाश संपवायची.