जत्रेला दार नव्हतं

गेल्या मे महिन्यात मुलुंडला राहणाऱ्या भाच्याचा फोन आला. मुलांच्या सुट्टीत एका थीम पार्कला जायचं त्याच्या मनात होतं. तो, त्याची बायको, दोन मुलं, माझी आपा आणि मी असा सहा जणांचा हिशोब मांडून बसला होता. थोडं अडखळत त्यानं विचारलं, "मामू, तुमचं तिकीट काढू ना? म्हणजे, तुम्ही तर कशातच बसत नाही."

प्रश्न साधा होता. त्यात अनादर नव्हता. आताची तिकिटं पाहिली की कोणीही असंच विचारील. पण फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं, की हा प्रश्न आमच्या घरात दुसऱ्यांदा आला आहे. पहिल्यांदा तो माझ्या वडिलांपुढे उभा राहिला होता. त्याआधी, माझ्या लहानपणी, असा प्रश्न कुणाला पडतच नसे. तो का पडत नव्हता आणि कधीपासून पडू लागला, एवढाच इतिहास आज सांगायचा आहे.

आम्ही घाटकोपरला चाळीत राहायचो. अब्बा विक्रोळीच्या एका कारखान्यात कामाला होते. सहल म्हणजे ईदचा दुसरा दिवस, ज्याला आम्ही बासी ईद म्हणतो. शीरखुर्म्याचा उरलेला टोप दादीच्या हवाली करायचा, डब्यात पुऱ्या आणि बटाट्याची भाजी भरायची आणि धीम्या गाडीनं भायखळ्याला उतरायचं. तिथून चालत राणीच्या बागेत. सत्तरचं दशक संपतानाची ती वर्षं. ईद तेव्हा पावसाळ्यात यायची, त्यामुळे नवे कपडे आणि चिखल यांची गाठ ठरलेलीच. अब्बांच्या हातात छत्री, अम्मीच्या हातात डबा आणि आमच्या मुठीत ईदी.

ही ईदी महत्त्वाची. मामा, चाचा, शेजारचे काका अशा प्रत्येकानं दिलेलं एकेक नाणं मिळून चार-पाच रुपये व्हायचे. त्यांचं काय करायचं ते आमचं आम्ही ठरवायचं. हत्तीवर बसायचं, की फुगा घ्यायचा, की भेळ खायची? आणि दोन रुपये मात्र डिसेंबरपर्यंत जपून ठेवायचे, कारण डिसेंबरात माहीमची जत्रा.

माहीमला मखदूम फकीह अली माहिमी यांचा दर्गा आहे. चौदाव्या-पंधराव्या शतकातले हे मोठे विद्वान. त्यांचा उरूस डिसेंबरमध्ये दहा दिवस चालतो आणि त्यातला पहिला मान मुंबई पोलिसांचा असतो. पोलिसांचा बँड वाजत येतो, हे पाहायला सगळ्या धर्मांची माणसं रस्त्याच्या कडेला उभी असतात. उरूस म्हटला की जत्रा आलीच. सप्टेंबरमध्ये बांद्र्याला माउंट मेरीची जत्रा भरते, नवरात्रात महालक्ष्मीची. देव निराळे, पण पाळणा तोच, चुरमुरे तेच आणि पिपाणीही तीच.

या जत्रांना दार नव्हतं. जत्रेत शिरायला पैसे पडत नसत. पैसे पडत ते पाळण्यात बसायला. चार पाळण्यांचा लाकडी रहाट असायचा, तो एक माणूस हातानं ढकलून फिरवायचा. ज्याच्याकडे नाणं आहे त्यानं बसावं, ज्याच्याकडे नाही त्यानं बघावं, आणि बघण्यातही अर्धी मजा असे. दादी कधीच कशात बसली नाही, पण जत्रा तिच्याशिवाय होत नसे. ती खाली उभी राहून आम्हाला ओरडायची, "घट्ट धरा रे!" तेवढ्यासाठी तिला तिकीट काढावं लागत नव्हतं.

राणीच्या बागेला दार होतं, पण ते नावापुरतं. ही बाग १८६२ साली लोकांसाठी खुली झाली. आज तिचं नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे, पण मुंबईकराच्या तोंडी अजून राणीची बागच आहे. त्याआधी नऊ वर्षं, १८५३ मध्ये, बोरीबंदर ते ठाणे गाडी सुरू झाली होती. १८६७ मध्ये विरारकडूनही गाडी मुंबईत येऊ लागली. आपल्या उपनगरांतल्या सहलीचा इतिहास या रुळांवरून सुरू होतो. गाडीचं भाडं परवडेल तिथपर्यंत आपलं जग. बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान, तिथली वनराणी ही छोटी गाडी, कान्हेरीची लेणी, आरे वसाहतीतलं छोटा काश्मीर, जुहूची चौपाटी अशी आपल्या आईवडिलांच्या सहलींची यादी होती. घाटकोपर-मुलुंडच्या माणसाला बोरिवलीला जायचं तर दादरला गाडी बदलावी लागे. आता वर्सोवा-घाटकोपर मेट्रो आहे, पण ती २०१४ ची गोष्ट. तोवर पूर्वेकडच्या रुळांवरून पश्चिमेकडच्या रुळांवर जाणं हाच एक प्रवास असे.

आता थोडं बाहेरच्या जगाकडे पाहू. १८९३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात जॉर्ज फेरिस या अभियंत्यानं २६४ फूट उंचीचं पोलादी चाक उभं केलं. त्यात एका वेळी दोन हजारांवर माणसं बसत. आपण ज्याला जायंट व्हील म्हणतो, त्याचा हा मोठा पूर्वज. प्रदर्शनात शिरायला पन्नास सेंट पडत आणि चाकात बसायला आणखी पन्नास. म्हणजे दार आलं होतं, पण पाळण्याचा पैसा अजून वेगळा होता.

१९५५ मध्ये कॅलिफोर्नियात डिस्नेलँड सुरू झालं. सुरुवातीला तिथंही प्रवेशाचं तिकीट एक डॉलर आणि आतल्या प्रत्येक खेळाचे पैसे वेगळे होते. पुढे कुपनांची पुस्तकं निघाली. साध्या खेळाला एक कुपन, थरारक खेळाला वरच्या दर्जाचं कुपन. १९८२ मध्ये ही पुस्तकं बंद झाली आणि दाराशीच एक तिकीट घ्यायचं, आत हवं तितकं खेळायचं, ही पद्धत आली. मला वाटतं, कुटुंबाच्या सहलीच्या इतिहासात हे वळण फार मोठं आहे, आणि त्याची नोंद फारशी कुणी घेतलेली नाही.

आपल्याकडे १९८२ च्या आशियाई खेळांचा अप्पू हत्ती मुलांना फार आवडला. त्याच्याच नावानं १९८४ मध्ये दिल्लीत अप्पू घर सुरू झालं. ते २००८ मध्ये बंद पडलं. मुंबईत १९८९ मध्ये गोराईला एस्सेलवर्ल्ड आलं आणि १९९८ मध्ये त्याच्या शेजारी वॉटर किंगडम. बोरिवलीला उतरायचं, बसनं खाडीवरच्या जेट्टीला जायचं आणि होडीतून पलीकडे. खाडी ओलांडून पाळण्याकडे जाणं यातच एक नवल होतं. टीव्हीवरच्या जाहिरातीतला घरी जायला नकार देणारा मुलगा तर घराघरांत पोहोचला होता. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर फँटसी लँड आलं. ठाण्याकडे टिकुजीनी वाडी आणि सूरज वॉटर पार्क आलं. २०१३ मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका आलं. दाराशी एकच तिकीट ही पद्धत आपल्याकडेही रुळली.

पार्कवाल्यांच्या बाजूनं पाहिलं तर यात वावगं काही नाही. पाळण्यात दहा माणसं असोत की शंभर, वीज तेवढीच जळते. यंत्राची देखभाल आणि सुरक्षा यांत काटकसर करता येत नाही, आणि करूही नये. मुंबईचा पाऊस चार महिने खातो. जागोजागी पैसे घेण्यापेक्षा दाराशी एकदाच घेतलेले बरे. त्यावर सरकारचा करही आहे. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा थीम पार्कच्या तिकिटावर २८ टक्के कर होता. जानेवारी २०१८ मध्ये तो १८ टक्के झाला. हे सगळं मान्य.

पण घराच्या बाजूनं काय झालं? जत्रेत पैसा मुलाच्या मुठीत होता, पार्कात तो बापाच्या पाकिटात गेला. ईदीच्या चार नाण्यांना दाराशी काही किंमत उरली नाही. आणि बसणारा नि बघणारा यांचं तिकीट एक झालं. जिला चक्कर येते ती आई, गुडघे दुखणारी आजी, उंचावर जायला घाबरणारा काका यांचे पैसे जवळजवळ तेवढेच. मग घरात हिशोब सुरू झाला, की कोण जाणार आणि कोण राहणार.

साल १९९०. मी बीएला होतो. आपाचं लग्न झालेलं, धाकटा भाऊ बारा वर्षांचा, धाकटी बहीण नऊ वर्षांची. त्या दोघांनी दोन सुट्ट्या हट्ट धरला होता. शेवटी अब्बांनी एका पार्कला न्यायचं कबूल केलं. कुठलं, ते सोडून द्या, त्याला महत्त्व नाही. तीन महिने ते पैसे बाजूला काढत होते. तुम्हाला ठाऊकच आहे, रेल्वे मुलाचं वय विचारते आणि बहुतेक पार्कं मुलाची उंची मोजतात. बहीण अंगानं थोराड. दाराशी उंचीची खूण होती. अम्मी हळूच तिला म्हणाली, "जरा गुडघे वाकव." अब्बांनी ऐकलं. म्हणाले, "सरळ उभी राहा. खोटं बोलून पाळण्यात बसायचं नाही." तिचं तिकीट मोठ्यांचं निघालं. अब्बांनी पाकिटातल्या नोटा पुन्हा मोजल्या आणि मला म्हणाले, "तुम्ही चौघं जा. मला कुठं त्यात बसायचंय? मी इथं सावलीत बसतो."

आम्ही गेलो. खूप मजा केली, हे मी लपवणार नाही. त्या दिवशी बहीण जितकी हसली तितकी मी तिला पुन्हा कधी पाहिली नाही. संध्याकाळी बाहेर आलो तेव्हा अब्बा त्याच झाडाखाली बसले होते. परतीच्या गाडीत त्यांनी प्रत्येक पाळण्याबद्दल विचारलं. तो किती उंच होता, वरून काय दिसलं, भीती वाटली का. आम्ही भांडून भांडून सांगत होतो. रात्री त्यांनी रोजच्यासारखा वहीत खर्च लिहिला. मी खांद्यावरून पाहिलं. गाडी, बस, तिकिटं ४, आतलं खाणं, आणि शेवटी लिहिलं होतं, चहा १. सकाळी दहापासून संध्याकाळी सहापर्यंत ते एका चहावर बसले होते.

त्यानंतरच्या वर्षांत आपल्या बायकांनी आणि शाळांनी यावर बरेच तोडगे काढले. शाळेच्या सहलीबरोबर मुलाला धाडलं की तिकीट स्वस्त पडतं. रविवार टाळून आडवारी जायचं. बहुतेक ठिकाणी बाहेरचे डबे आत नेऊ देत नाहीत, म्हणून घरून पोटभर नाश्ता करून निघायचं. दोन कुटुंबांनी मिळून गाडी करायची, कारण जाण्यायेण्याचा आणि खाण्याचा खर्च मिळून बऱ्याचदा तिकिटाइतकाच होतो. हे सगळे शहाणपणाचे उपाय आहेत आणि मीही ते वापरले आहेत. पण त्यांतला एकही उपाय बाहेर बसलेल्या माणसाला आत आणत नाही.

तो आणणारी एक गोष्ट मला सापडली, तीही जुन्या राणीच्या बागेतच. तिथं पेंग्विन आले आणि २०१७ मध्ये पालिकेनं तिकीट पाच रुपयांवरून पन्नास केलं. त्यावर बरीच टीका झाली, आणि ती योग्यच होती. पण त्याच वेळी आई, वडील आणि दोन मुलं अशा चौघांचं मिळून शंभर रुपयांचं तिकीट ठेवलं गेलं. म्हणजे दोन मोठ्यांच्या पैशांत मुलंही आत. ही पद्धत डोकी मोजत नाही, कुटुंब मोजते. आजी त्यात बसत नाही, हे खरं. तरी विचाराची दिशा बरोबर आहे.

एस्सेलवर्ल्डचे पाळणे करोनानंतरच्या वर्षांत थांबले. फँटसी लँड तर त्याआधीच गेलं. वनराणीच्या रुळांचं २०२१ च्या तौक्ते वादळात नुकसान झालं आणि तीही थांबली. पाळणे येतात नि जातात. माहीमची जत्रा मात्र डिसेंबरात भरतेच. तिचे पाळणेही आता विजेवर फिरतात, पण खाली उभं राहून बघणाऱ्याकडे अजून कुणी तिकीट मागत नाही.

भाच्याला मी परत फोन केला. म्हटलं, "माझं तिकीट काढ. आपाचंही काढ. पैसे मी देतो. आणि कमी पडत असतील तर हे पार्क राहू दे, आपण सगळे राणीच्या बागेत जाऊ." तो हसला आणि त्यानं सहा तिकिटं काढली. दिवसभर मी एका बाकावर बसून होतो. मांडीवर दोन फोन, पायाशी चार जणांच्या चपला आणि शेजारी आपा. वरून मुलं हात हलवत होती. आपा खालून ओरडत होती, "घट्ट धरा रे!" अगदी दादीच्याच आवाजात.

मित्रहो, सुट्टीचा बेत करताना आपण आधी विचारतो, तिकीट केवढ्याला? विचारायलाच हवं. पण त्याबरोबर आणखी एक विचारा, की या पैशांत घरातलं कोण बाहेर राहणार आहे? कुणीच राहणार नसेल, तर ती सहल परवडली असं समजा.

(नभोवाणीवरील भाषणावरून संपादित)