शिडीची भाषा

मंडळी, आपल्या धंद्यात नवीन लँग्वेज आली की जुनी माणसं आऊटडेटेड होतात, हे आपण गृहीतच धरतो. पण एकदा उलटं झालं होतं. मशीनच माणसाची भाषा शिकलं होतं!

१९६० च्या दशकातली मोटारींची फॅक्टरी डोळ्यांसमोर आणा. कुठली मोटर कधी सुरू होणार, कुठला व्हॉल्व्ह कधी उघडणार, हे ठरवायचे रिले; म्हणजे विजेच्या चुंबकाने उघडझाप करणारे स्विच. भिंतभर कपाटांत शेकडो रिले आणि वायरींचं जंगल. एक कॉन्टॅक्ट जळाला की लाईन बंद, आणि इलेक्ट्रिशियन ड्रॉइंग घेऊन तो शोधत बसणार. गाडीचं मॉडेल बदललं की वायरिंग उपसून पुन्हा नव्याने.

१९६८ मध्ये जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाने याला इलेक्ट्रॉनिक पर्याय मागितला. त्याच वर्षी १ जानेवारीला अमेरिकेतल्याच मॅसॅच्युसेट्समध्ये डिक मॉर्ली यांनी अशा कंट्रोलरची कल्पना कागदावर उतरवली होती. त्यांच्या बेडफर्ड असोसिएट्सचा हा ८४वा प्रोजेक्ट, म्हणून नाव मॉडिकॉन ०८४. १९६९ मध्ये ते जनरल मोटर्सकडे गेलं. हाच आजच्या पीएलसीचा पूर्वज.

काम साधं.. इनपुट वाचायचे, लॉजिक सोडवायचं, आऊटपुट द्यायचे, की पुन्हा पहिल्यापासून. मला भावतं ते प्रोग्रॅमिंग. तेव्हा फोरट्रान होती, असेंब्ली होती. तरी निवडलं काय, तर इलेक्ट्रिशियनचं ड्रॉइंग! दोन उभ्या रेषा म्हणजे सप्लाय. मधल्या पायऱ्यांवर डावीकडे कॉन्टॅक्ट, उजवीकडे कॉइल. दिसायला शिडी, म्हणून लॅडर लॉजिक.

कारण सरळ आहे. रात्रपाळीत लाईन बंद पडली तर तिथे कॉम्प्युटरवाला नसतो, इलेक्ट्रिशियन असतो. त्याला कळलं नाही तर डबा कितीही हुशार असो, उपयोग शून्य. वायरिंगची कामं कमी झाली हे खरंच, पण ड्रॉइंग वाचण्याची त्याची विद्या वाया गेली नाही. ऑटोमेशन टेक्निशियन नावाचा पेशा त्याच विद्येवर उभा राहिला. १९९३ च्या आयईसी स्टँडर्डमध्येही लॅडरला हक्काची जागा मिळाली.

आपल्यातले काही जण या चित्रभाषेला हसतात. हसा बापडे :) पण चाकणच्या एखाद्या कारखान्यातला टेक्निशियन चालू मशीनला लॅपटॉप लावून कुठल्या पायरीवर गाडं अडलंय ते बघू शकतो, तेही प्रोग्रॅम दुसऱ्या कुणी लिहिलेला असताना. आपला कोड रात्री तीन वाजता असा कुणाला वाचता येतो?