रानाचा खोडवा

पिंपरी पेंढारच्या शेतकऱ्यास खोडवा म्हणजे काय, हे सांगावयास नको. ऊस तुटला तरी त्याचे बेट जमिनीत जिवंत असते आणि त्यातूनच दुसरे पीक उभे राहते. रानातील सर्व नव्हेत, पण पुष्कळ झाडांची रीत हीच आहे. साग, ऐन, धावडा यांचे खोड जमिनीलगत तोडले तर खुंटाला धुमारे फुटतात. आणि जुन्या मुळांचा आधार असल्यामुळे ते बियांच्या रोपांहून झपाट्याने वाढतात. मात्र खुंटावर पाणी साचू नये, कोवळे धुमारे गुरांच्या तोंडी पडू नयेत आणि पुन्हा कुऱ्हाड येण्यापूर्वी त्यांना पुरेशी वर्षे मिळावीत. इंग्लंडात हेझलची राने शतकानुशतके अशीच राखली गेली.

आपल्याकडे या रीतीशी जवळचे नाते राबाचे. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेस, घाटमाथ्याकडे, भातकरी ऐनासारख्या झाडांचे टहाळ तोडीत आला. ते वाळले की शेण, पाला, गवत व माती यांसह रोपाच्या जागेवर पसरून पावसापूर्वी भाजावयाचे. राखेचे खत होते, तणाचे बी जळते आणि झाड उभेच राहून पुन्हा पालवते.

तोडीपूर्वी धन्याला विचारावे, ही जाण जुनी आहे. आरमारास लाकूड हवे असले तरी रयतेच्या आंब्या-फणसांस हात लावू नये, जीर्ण झाड घ्यावयाचे तर धन्यास राजी करूनच घ्यावे, असे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात बजावले आहे.

1878 च्या जंगल कायद्याने हे नाते पालटले. राखीव जंगलात रूढीचा हक्क सरकारी सवलत ठरू लागला. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत गाऱ्हाणी इतकी वाढली की, मुंबई सरकारला 1885 मध्ये चौकशी आयोग नेमावा लागला. राबाचा प्रश्नही त्याच्यापुढे होता; 1887 मध्ये अहवाल आला. वनाधिकाऱ्यांची भीती अगदीच निराधार होती असे आम्ही म्हणत नाही. दरसाल ओरबाडलेले झाड खुरटतेच. परंतु उद्या हे रान आपल्याला मिळेल की नाही, याचीच शाश्वती नसेल, तर आज हात आखडता कोण घेईल?

2006 च्या वनहक्क कायद्याने गावसमाजाचा आपले परंपरागत वन राखण्याचा, वाढविण्याचा व त्याची व्यवस्था पाहण्याचा हक्क मान्य केला. त्याचे मर्म आम्हांस खोडव्यातच दिसते. पुढची तोड ज्याच्या वाट्याला येणार, तोच आजचा खुंट जपतो.